ती आणि तशी

दोन तारखा पडद्यावर एकीखाली एक छापून आल्या होत्या. दिवस तोच, महिना तोच, साल तेच. अंकाला अंक जुळत होता. आणि त्यांच्याखाली संगणकाने निकाल दिला होता: समान नाहीत. त्याने डोळे चोळले, खुर्ची पुढे ओढली आणि बोट ठेवून एकेक अंक वाचला, पहिलीतलं पोर वाचतं तसा. मग पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा तेच. समान नाहीत. तो मागे टेकून बसला. आजूबाजूला सगळं नेहमीसारखं होतं. कळफलकांची टकटक, कुणाचा तरी खोकला, कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राचं मधूनच गुरगुरणं. फक्त त्याला जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं झालं.

तक्रार सकाळीच आली होती. त्यांची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायची. कुणाची दाढ कधी काढायची, कुणाला परत कधी बोलवायचं, ते सगळं त्यात. एका दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंचा फोन त्यानेच घेतला. बाई रागावलेल्या नव्हत्या, रागाच्या पलीकडे गेल्या होत्या. "अहो, इथे बाकावर माणसं गाल धरून बसलीयेत," त्या म्हणाल्या. "एक आजोबा तर भिंतीला डोकं लावून कण्हतायत. आणि तुमचा संगणक म्हणतोय, आज कुणीच नाही. मी काय सांगू त्यांना? आजोबा, तुम्ही आलेलेच नाही आहात, कण्हू नका?" तो म्हणाला, बघतो. बाई म्हणाल्या, "बघा हो सावकाश. दाढ तुमची दुखत नाहीये ना." यावर त्याला एरवी हसू आलं असतं. घरी गेल्यावर सांगायला चांगली गोष्ट होती ही. फोन ठेवल्यावर क्षणभर त्याने ती मनात जुळवलीही, आधी बाईंचा आवाज, मग आजोबा. आणि मग आठवलं की सांगायला घरात कुणी नाही. हे अजूनही विसरायला व्हायचं. वर्ष होत आलं तरी.

आजच्या तारखेला ज्यांची वेळ ठरली आहे ते पेशंट पडद्यावर यायला हवेत, एवढंच ते काम. प्रोग्रॅम आजची तारीख घेतो, पेशंटची तारीख घेतो, दोन्ही समान आहेत का विचारतो. नव्या व्हर्जनमध्ये त्याचं उत्तर कायम नाही असंच येत होतं. का येत होतं, हे त्याला ओळ बघताक्षणी कळलं, कारण इतकी वर्षं तो नव्याने लागलेल्यांना हेच शिकवत आला होता. संगणकात तारीख म्हणजे नुसता आकडा नसतो. ती एका डबीत असते. दोन तारखा म्हणजे दोन डब्या, मग आत काही का असेना. साधं बरोबरचं चिन्ह टाकलं की संगणक झाकण उघडून आत बघतच नाही. ही डबी आणि ती डबी एकच आहे का, एवढंच बघतो. एक डबी सकाळी दवाखान्यात भरलेली, दुसरी आत्ता इथे भरलेली, दोन्हींत तीच तारीख. तरी उत्तर नाही. आत बघायचं असेल तर तसं सांगावं लागतं. हे न सांगणं ही शिकाऊ पोरांची चूक. कुणी केली म्हणून त्याने ओळीच्या कडेला बघितलं, तिथे लिहिणाऱ्याचं नाव येतं. त्याचंच नाव होतं.

शेजारच्या टेबलावरचा मास्तर त्याच वेळी खुर्ची सरकवत आला. मास्तर आधी कुठल्याशा शिकवणीत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि तो विचारलेलं आणि न विचारलेलं, दोन्ही समजावून सांगे. त्याने पडद्यावर वाकून बघितलं आणि जीभ चावली. "काका, हे कुणी केलं?" नाव त्याला दिसलं. मग त्याला राहवेना. "अहो, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? ती वेगळी आणि तशी वेगळी. छत्रीची गोष्ट सांगून. आणि तुम्हीच?"

"मीच," तो म्हणाला.

"बरं, होतं असं कधी कधी," मास्तर घाईघाईने म्हणाला. "गेलं वर्षभर तुमचं चित्त थाऱ्यावर नाहीये. मी करून टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे."

"नको. करतो मी."

मास्तर गेला, पण छत्री मागे ठेवून गेला. ती छत्री त्याच्या बायकोची. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती बसमध्ये विसरून आली होती. निळी, लाकडी मुठीची. त्या छत्रीसाठी तिने जेवण टाकलं नाही की रडली नाही, पण आठवडाभर बसथांब्यावरच्या प्रत्येक छत्रीकडे टक लावून बघायची. मग त्याने चार दुकानं पालथी घातली आणि हुबेहूब तशीच आणली, मूठसुद्धा तशीच. तिने उघडून बघितली, मिटून बघितली, गोल फिरवली. म्हणाली, "छान आहे हो. पण ही ती नव्हे. ही तशी." त्याला राग आला होता. इतकी पायपीट केली आणि ही म्हणतेय तशी. पण ती काही नावं ठेवत नव्हती, जे होतं ते सांगत होती. आणि मग त्या छत्रीचं नावच तशी पडलं. आभाळ भरून आलं की ती दारातून ओरडायची, "अहो, माझी तशी कुठंय?" मुलगी लहान असताना तिला वाटायचं छत्रीला तशीच म्हणतात, शाळेत बाईंना म्हणाली, माझी तशी वर्गात राहिली. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती घरी, मुलीच्या बोलण्याकडे लक्ष द्या म्हणून. बायकोने ती चिठ्ठी आल्यागेल्याला वाचून दाखवली. हसताना तिला पुढचं वाचता यायचं नाही, मग तोच वाचून पुरी करायचा.

त्याने डोळे मिटले तर ते हसणं ऐकू येईल असं वाटलं, म्हणून मिटले नाहीत. खिशात फोन होता. फोनमध्ये मुलीचा निरोप होता, सकाळी आलेला. त्याने तो एकदाच वाचला होता, पण पाठ झाला होता. "बाबा, दुपारी मी ती तारीख सोडून देते. दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

काल तिचा फोन आला तेव्हा तो गॅसपाशी उभा होता, सकाळची भाजी गरम करत. मुलगी शहराच्या दुसऱ्या भागात राहायची, नोकरीच्या जवळ. लग्न नोंदणी करून करायचं, कसला थाटमाट नको, हे तिचं आणि त्या मुलाचं कधीच ठरलं होतं. मुलगा शांत होता, कमी बोलायचा, जेवायला आला की ताट स्वतः उचलायचा. त्याची बदली झाली होती लांबच्या शहरात, आणि जाण्याआधी नोंदणी झाली तरच तिलाही तिकडे बदली मागता येणार होती. कचेरीत तारखा मिळत नव्हत्या. काल एक मिळाली. "बाबा, तारीख मिळाली," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद असायला हवा होता तिथे काहीच नव्हतं. "कुठली?" त्याने विचारलं. तिने सांगितली. दिवस आणि महिना. वर्ष सांगायची गरज नव्हती; तिची आई गेली तीच तारीख. त्याने गॅस बंद केला. खरं तर भाजी अजून गरम झाली नव्हती. "मी दुसरी मागितली," ती म्हणाली. "दुसरी तो गेल्यावरची आहे. मग तो तिकडे, मी इकडे, आणि पुढचं कधी ते कुणास ठाऊक." तो म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "तुझं बघू म्हणजे नाही, हे मला शाळेच्या सहलीपासून माहीत आहे, बाबा." त्याने ते खोडून काढलं नाही. "त्या दिवशी मी घरातून बाहेर पडू शकणार नाही गं," एवढं तो म्हणाला. "तुम्ही उरका. माझ्यामुळे अडवून ठेवू नका." आणि ती म्हणाली, "तुझ्याशिवाय नाही करणार," इतक्या साधेपणाने, की तिने ते आधीच ठरवलेलं होतं हे त्याला कळलं.

खोटं नव्हतं त्याचं. वर्षभर दर महिन्याला तो आकडा आला की त्याचं अंग शिसं ओतल्यासारखं व्हायचं. तो कामाला जायचा नाही. पडदे ओढून पडून राहायचा, भूक लागायची नाही, तहान लागली तरी उठायचं जिवावर यायचं. दुसऱ्या दिवशी उठून दाढी करून कामावर. कुणी काही विचारायचं नाही, मॅनेजरसुद्धा रजेच्या अर्जावर कारण न बघता सही करायचा. बाकीचे दिवस तो ढकलत न्यायचा, पण तो आकडा ढकलता यायचा नाही. तो आला की तीच दुपार परत यायची, तशीच्या तशी. नाही, तशी नाही. तीच.

त्याने हात कळफलकावर ठेवले. डबीच्या आत बघायला सांगणारी ओळ लिहिली. हे सोपं होतं. प्रत्येक तारखेच्या पोटात एक लांबलचक आकडा असतो, कुठल्याशा जुन्या क्षणापासून मोजत आणलेला. त्या दोन आकड्यांची तुलना करायची. चालवून बघितलं. दोन तारखा एकीखाली एक आल्या, अंकाला अंक जुळत होता, आणि खाली पुन्हा: समान नाहीत. या वेळी तो दचकला नाही. थकला. पुढे काय आहे तेही त्याला माहीत होतं, शिकवलं होतं तेही. तारीख एकटी नसते, तिच्यात वेळ असते. पडद्यावर दिसत नाही, पण पोटात असते. कण्हणाऱ्या आजोबांची वेळ दहाची असेल, आत्ता इथे दुपार होत आली. दिवस तोच, पण संगणकाच्या हिशेबी सकाळ म्हणजे दुपार नव्हे. दोघांना एक म्हणायला लावायचं तर दोघांचे तास, मिनिटं, सेकंद पुसून शून्य करायचे. दिवसभर काय झालं ते काढून टाकायचं. मग उरते नुसती तारीख, आणि ती जुळते.

ओळ अर्धी लिहून त्याचे हात थांबले.

त्या तारखेला सकाळही होती. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, पण वर्षभरात तो तिथे गेलाच नव्हता. तो कायम दुपारी पोहोचायचा. चष्म्याच्या दुकानदाराचा फोन, जेवणाच्या सुट्टीनंतरचा. तो याच टेबलाशी उभा होता, हातात अर्धा कप चहा. ती नवा चष्मा आणायला गेली होती. दुकानदार सरळ माणूस होता, त्याने जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. चष्मा घातला, आरशात बघितलं, दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं, म्हणाल्या, सगळं कसं स्वच्छ दिसतंय. मग स्टुलावर बसल्या. मग स्टुलावरून खाली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, त्यांना कळलंही नसेल. सगळे त्याला तेच सांगत राहिले, कळलंही नसेल, जणू त्यात काही दिलासा होता. त्या तारखेचा दरवाजा त्याच्यासाठी तिथे उघडायचा आणि तिथेच बंद व्हायचा. आधीचं सगळं त्याने शून्य करून टाकलं होतं.

आणि सकाळ? सकाळी ती त्याच्यावर खेकसली होती. त्याने एका पायात काळा मोजा घातला होता, एका पायात गर्द निळा. दाराशी बूट घालताना तिचं लक्ष गेलं. "थांबा. हे काय?" तो म्हणाला, "बुटात कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघितलं ना. आता दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर ते दोन मोजे नाचणार. काढा." त्याने कुरकुरत काढले. तिने आत जाऊन जोडी शोधून आणली, खाली फरशीवर बसून स्वतःच त्याच्या पायात चढवायला लागली, आणि मग मध्येच तिला हसू फुटलं. "आणि या बाईला म्हणे नवा चष्मा लागतोय," ती म्हणाली. "जुन्याने तर मोजेसुद्धा दिसतायत." एवढंच. तो उशिरा निघाला, मागे वळून बघितलं की नाही ते आठवत नव्हतं. बहुतेक नाही. रोज कुणी मागे वळून बघत नाही. पण तिचा हात त्याच्या घोट्याशी होता, थोडा ओला, भांडी घासून आलेला. ते त्याच तारखेला झालं होतं. वर्षभर त्या तारखेच्या अंगावर उशी दाबून तो बसला होता, आणि खाली सकाळ होती. सकाळी ती घरात होती, गुडघे दुखतात म्हणून एक हात भिंतीला लावून उठत होती.

किती वेळ तो तसाच बसला त्याला कळलं नाही. मास्तर जेवायला चला म्हणून येऊन गेला. मग त्याने राहिलेली ओळ पुरी केली. दोन्ही तारखांचे तास पुसले, कारण दाताच्या दवाखान्याला तेवढंच हवं होतं. चालवून बघितलं. समान आहेत. पेशंटांची नावं पडद्यावर भराभर उतरली, एकाखाली एक. त्याने काउंटरवरच्या बाईंना फोन करून सांगितलं, आता बघा. बाईंनी बघितलं. "आले, आले! सगळे आले," त्या म्हणाल्या. "काय झालं होतं हो?" "काही नाही," तो म्हणाला, "आजचा दिवस ओळखता येत नव्हता." बाई म्हणाल्या, "मलाही येत नाही कधी कधी. पण माझा त्याबद्दल पगार कापतात." आजोबांचं काय झालं, त्याने विचारलं. आजोबांची दाढ निघाली होती. कागदावर नाव लिहून घेऊन डॉक्टरांनी काढली.

बाहेर गच्चीला जाणाऱ्या जिन्यावर जाऊन त्याने मुलीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मागे रस्त्याचा आवाज होता.

"बाबा? मी निघालेच होते."

"कुठे?"

"ते सोडून द्यायला. सांगितलं ना."

"वेळ किती वाजताची आहे?"

"कसली?"

"नोंदणीची गं. किती वाजता बोलावलंय?"

"सकाळी. दहा-साडेदहा. का?"

"सकाळी ना," तो म्हणाला. जिन्यावर कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली गेला. "मग येतो मी."

तिकडे रस्त्यावरून एक मोठी गाडी गेली. मग ती म्हणाली, "तू माझ्यासाठी म्हणून म्हणतोयस. तसं नको, बाबा. मला तुला ओढून न्यायचं नाहीये."

"सकाळी आई होती," तो म्हणाला. "त्या दिवशी. सकाळी होती ती. माझ्या पायात मोजे घालत होती. तुला सांगितलंच नाही कधी. सकाळचं मला जमेल. दुपारचं नाही सांगू शकत. दुपारी मी घरी जाईन आणि तू मला थांबवायचं नाही, जेवायला चल म्हणायचं नाही. एवढं चालेल का?"

"कसले मोजे?" ती म्हणाली. रडत होती की हसत होती ते आवाजावरून कळत नव्हतं. त्याने सांगितलं. एक काळा, एक निळा. आणि चष्म्याचं ती काय म्हणाली तेही. सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. मुलगी म्हणाली, "चालेल बाबा. सकाळपुरता ये."

तो दिवस आला तेव्हा तो रात्रभर जागा होता, पण उठला, अंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. कचेरीच्या लांब बोळात बाकं होती आणि बाकांवर जोडपी, कुणी नटून आलेली, कुणी कामावरून तासाभराची सवड काढून. मुलीने साधे कपडे घातले होते आणि केस नीट बांधले होते, तिची आई बांधायची तसे, मानेवर सैल. त्याने जाऊन शिपायाला विचारलं. नंबर लवकर येईल असं शिपाई म्हणाला. मग साहेब उशिरा आले. मग आतलं कुठलंसं यंत्र बंद पडलं आणि आतली माणसं बाहेर, बाहेरची आणखी बाहेर. मुलगी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. सकाळ संपली. बोळातल्या खिडकीतून आलेलं ऊन सरकत बाकाच्या पायांपर्यंत आलं. तो मांड्यांवर हात ठेवून बसला होता. त्याला चष्म्याचं दुकान दिसत होतं, स्टूल दिसत होतं, टेलिफोन वाजत होता. सगळं येत होतं, नेहमीसारखं, काही कमी नाही. फक्त या वेळी शेजारी मुलगी होती आणि तिचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू जा. ठरलं होतं आपलं. दोन साक्षीदार याचे मित्र आहेत, तुझ्या जागी तिसरा कुणीतरी बघू. खरंच जा. मी रागावणार नाही."

होणारा जावई उठून उभा राहिला होता, त्याच्यासाठी रिक्षा आणायला निघाल्यासारखा.

"बस रे," तो म्हणाला. "कुठे निघालास? नंबर आला तर तुझ्याशिवाय कुणाशी लग्न लावणार?"

मुलगी हसली आणि लगेच तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागली. तो बसून राहिला. जीव नकोसा झाला होता, पाठ ओली झाली होती, घरचे ओढलेले पडदे डोळ्यांपुढे येत होते. तो बसून राहिला. दार उघडलं आणि शिपायाने कागद बघत दोघांची नावं पुकारली. आत टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मुलीचे आई-वडील आलेत का?"

मुलीने वळून त्याच्याकडे बघितलं.

"वडील आलेत," तो म्हणाला, आणि पुढे झाला.